अजून माहीत नाही

आमचं मूल जन्मलं तेव्हा जेमतेम दोन किलोचं होतं. नर्सने कापडात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "बारकं आहे, पण आवाज बघा कसला आहे." तेव्हापासून त्याचं घरातलं नाव बारकं. शाळेच्या दाखल्यावर चांगलं तीन अक्षरी मुलीचं नाव आहे, बायकोने चार पुस्तकं चाळून शोधलेलं, पण घरात ते कुणी वापरत नाही. बारकं उठलं, बारकं जेवलं, बारकं रुसलं. दहा वर्षं असंच चाललं. या बोलण्यात मुलगा की मुलगी हे कुठेच येत नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानातही आलं नव्हतं.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. अठरा वर्षं झाली. तीसेक इमारती माझ्याकडे आहेत, आणि तिथली माणसं एरवी मला ओळखत नाहीत. लिफ्टमध्ये अडकली की मात्र मी त्यांचा सख्खा भाऊ होतो. अडकलेल्या माणसाशी दाराच्या फटीतून बोलत राहावं लागतं. पाच मिनिटं म्हणून वीस लावायची नाहीत, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो. माणूस अंधार सोसतो, थाप सोसत नाही.

बायको बारक्याच्या नाही, दुसऱ्या एका शाळेत समुपदेशक आहे. दुसऱ्यांची मुलं तिच्या खोलीत येऊन मन मोकळं करतात. आमच्या घरात त्यामुळे वाटणीच होती, गळका नळ माझा आणि रडकं मूल तिचं. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तिला ऐकता येतं, मला येत नाही, हे लग्नाच्या पहिल्या महिन्यातच दोघांना कळलं होतं.

दोन वर्षांपासून ती पालकांसाठी व्याख्यानंही देऊ लागली. मुलग्यांनी रडायचं नाही, मुलींनी पसरून बसायचं नाही, हे आपण पोरांच्या डोक्यात कसं भरतो. आणि एखादं मूल म्हणालं की मी तुम्ही समजता तसा नाही किंवा तशी नाही, तर आईबापांनी काय बोलावं, असा विषय. व्याख्यान आधी ती स्वयंपाकघरात मला ऐकवायची. मी कांदा चिरत ऐकायचो आणि मधूनच तिच्या तावडीत सापडायचो. एकदा टीव्हीवर कुणी गायक लांब झगा घालून, डोळ्यांत काजळ भरून आला. मी हसत म्हटलं, "हा बुवा का बाई? आधी काय ते ठरव म्हणावं." बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा विनोद गिळला. बारकं ताटात बघत जेवत होतं. मला वाटलं, त्याचं लक्षच नाही.

त्याच सुमारास बारक्याच्या बोलण्यात एक फरक पडला. "मी येते", "मी जाते" हे बंद झालं. त्याऐवजी "मला यायचंय", "आता निघायला हवं", "माझं जेवण झालं". सगळी वाक्यं वळसा घालून. मला ती कुठल्या तरी कार्टूनची लागण वाटली. मी चेष्टाही केली, "काय गं, सरकारी पत्रासारखं बोलतेस, कळविण्यात येत आहे की भूक लागलेली आहे." बारकं हसलं नाही.

आणखी एक सांगतो. शनिवारी शाळेला सुट्टी असली की बारकं माझ्याबरोबर कामावर यायचं. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये एका कोपऱ्यात बसून मला नटबोल्टचे पाने द्यायचं. दहाचा कुठला आणि तेराचा कुठला हे त्याला न बघता कळतं. एका इमारतीच्या राखणदाराने विचारलं, "मुलगा तुमचा? कामाचा दिसतो." मी म्हटलं, "मुलगी आहे हो, केस बारीक कापलेत म्हणून." राखणदार ओशाळला. बारक्याचा चेहरा क्षणापूर्वी फुलला होता, तो विझला. मला वाटलं, मुलगा म्हटल्याचा राग आला. मी आपला त्या राखणदारावरच चिडलो.

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं, आणि मला त्यातलं काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं.

तो दिवसही शनिवारच होता. वाचनालयाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात बायकोचं व्याख्यान होतं. आम्ही सहाला खाली गाडी घेऊन थांबायचं ठरलं होतं. पण माझं काम लवकर आटपलं, आणि बारकं म्हणालं, "वर जाऊन ऐकू या ना. आईला सांगायचं नाही. मागे बसू." त्याने पाण्याने केस बसवले, आपला आवडता तपकिरी शर्ट घातला. सव्वापाचला आम्ही हळूच आत शिरून शेवटच्या रांगेत बसलो. दीड-दोनशे माणसं तरी असतील, बहुतेक आया.

बायको छान बोलत होती. टेबलावर खेळणी मांडली होती आणि ती लोकांना विचारत होती, हे कुणाचं, ते कुणाचं. लोक उत्तर देत होते आणि स्वतःच्याच उत्तराला हसत होते. एका आजोबांनी इस्त्री मुलीला दिली, तेव्हा तिने विचारलं, "घरी तुमचे शर्ट कोण इस्त्री करतं?" आजोबा म्हणाले, "मीच." सभागृह खदखदून हसलं. बारक्याने माझा हात धरला होता. कानाशी येऊन म्हणालं, "आई भारी आहे ना?" मी म्हटलं, "आहेच."

मग तिने चष्मा काढला. ती चष्मा काढते म्हणजे आता मनातलं येणार.

"आता तुम्हाला माझ्या घरातली गोष्ट सांगते," ती म्हणाली. "माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तीन महिन्यांपूर्वी मी तिचे केस पुसत होते. डोक्यावर टॉवेल होता, चेहरा दिसत नव्हता. टॉवेलच्या आतून ती म्हणाली, आई, मी मुलगी नाही. मी मुलगा आहे."

माझ्या हातातला हात आखडला.

बायको पुढे सांगत होती, की अशा वेळी तुम्ही घाबराल, मीही घाबरले. पण मी टॉवेल थांबवला नाही, तसेच केस पुसत राहिले आणि म्हटलं, सांगितलंस ते बरं केलंस. समोरच्या रांगेतली एक बाई रुमाल शोधू लागली.

"तिने माझ्याकडे दोनच गोष्टी मागितल्या," बायको म्हणाली. "रागावू नकोस, आणि बाबाला सांगू नकोस. का? कारण टीव्ही बघताना बाबा गमतीत म्हणाला होता, बुवा का बाई ते आधी ठरव. एवढंच. आपली वाक्यं मुलांच्या मनात कुठे जाऊन बसतात, बघा."

दीडशे माणसांनी एकदम चुकचुकल्यासारखं केलं. मी त्यांच्या मागे बसलो होतो. ते चुकचुकणं माझ्यासाठी होतं. बाबाला सांगू नकोस, हे ती अख्ख्या सभागृहाला सांगत होती, आणि बाबाला ते या सभागृहाकडून कळत होतं. तीन महिने आम्ही एका ताटात नाही तरी एका टेबलावर जेवत होतो.

पण हे माझं झालं. शेजारी बारकं होतं.

"असं नव्हतं म्हटलं," ते पुटपुटलं. कुणाला उद्देशून नाही. मग माझ्याकडे बघितलं. मला आधीपासून ठाऊक होतं का, हे ते शोधत होतं. मला ठाऊक नव्हतं, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. त्याने माझ्या हातातून हात काढून घेतला, उठलं आणि दाराकडे निघालं.

मी मागोमाग उठलो. हाक मारायला तोंड उघडलं, "कुठे चाल" इथपर्यंत आलं आणि जीभ अडली. चाललीस म्हणू की चाललास? आयुष्यात पहिल्यांदा मला आपली भाषा दाटीवाटीची वाटली. पाय ठेवायलाही जागा नाही अशी. मी नुसतं म्हटलं, "थांब."

जिन्याच्या मधल्या टप्प्यावर मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. बारकं त्यांच्याशेजारी पायरीवर बसलं. रडत नव्हतं. मी एक पायरी सोडून बसलो.

"तू आता हसणार का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तेव्हा हसलो ते चुकलंच."

वरून बायकोचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.

"मी मुलगा आहे असं म्हटलंच नव्हतं," बारकं म्हणालं. "मुलगी नाही, एवढंच म्हटलं. मुलगा आहे का, ते अजून माहीत नाही. असं म्हटलं होतं. आई म्हणाली, चालेल, माहीत नसलं तरी चालेल. आणि कुणाला सांगणार नाही म्हणाली. मी दोनदा विचारलं, तर दोनदा म्हणाली."

वर टाळ्या सुरू झाल्या आणि कितीतरी वेळ थांबल्या नाहीत.

माणसं उतरू लागली. त्यांच्यामध्ये बायको, हातात फुलं, चेहरा उजळलेला. तिने आम्हाला पाहिलं आणि तो उजेड जागच्या जागी गेला.

"कधी आलात?"

"खेळण्यांपासून," मी म्हटलं.

तिने बारक्याकडे पाहिलं. बारकं खुर्च्यांकडे बघत होतं. तेवढ्यात तिच्यामागून आलेल्या एका बाईंनी वाकून बारक्याच्या गालाला हात लावला. "हीच का? म्हणजे, हाच का? किती धाडसी गं, धाडसी रे बाळा तू." बाईंचा हेतू चांगला होता, हे मी आजही म्हणतो. बारक्याने मान मागे घेतली आणि बाहीने गाल पुसला.

घरी येताच बारकं आपल्या खोलीत गेलं, दार लागलं, कडी लागल्याचा आवाज आला. आमच्या घरात कड्या कधी कुणी लावत नसे.

स्वयंपाकघरात आमचं भांडण झालं, हळू आवाजातलं. ती म्हणाली, मी नाव घेतलं नव्हतं. मी म्हटलं, तुझं नाव खाली पाटीवर हातभर अक्षरांत आहे आणि तुला मूल एकच आहे. ती म्हणाली, तुम्ही येणार हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, म्हणजे आम्ही आलो ही चूक. मग तिने खुर्ची ओढून घेतली आणि सांगितलं की व्याख्यानानंतर एक बाई तिचा हात धरून उभी राहिली होती. त्या बाईने आपल्या मुलाला नखं रंगवली म्हणून पट्टीने मारलं होतं. ती म्हणाली, आता घरी जाते आणि त्याची माफी मागते. "त्या पोराची आजची संध्याकाळ माझ्या बोलण्याने बदलली असेल," बायको म्हणाली. "ते काहीच नाही का?"

ते काहीच नाही असं मला म्हणता येईना. आजही येत नाही.

"मग बारक्याच्या तोंडी जे नव्हतं ते का घातलंस?" मी विचारलं.

ती म्हणाली, "'अजून माहीत नाही' म्हटलं की लोकांना समजत नाही. ते विचारत बसतात."

थोड्या वेळाने ती बारक्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली. काय काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. आतून एकच प्रश्न आला, तो मात्र स्पष्ट आला.

"ते रेकॉर्ड झालंय?"

"हो," ती म्हणाली.

"ते काढायला सांग."

"सांगते. उद्याच सांगते."

रविवारी दुपारी तिने आयोजक संस्थेला फोन केल्याचं आम्हाला सांगितलं. बारक्याने कडी काढली. जेवायला आलं. बायकोने त्याच्यासाठी अंडी उकडली होती. त्यातलं एक त्याने खाल्लं. मला वाटलं, आता सावरेल. पोरं विसरतात, असं आपण मोठी माणसं किती सहज म्हणतो.

बुधवारी सकाळी सासूबाईंचा फोन आला. त्या दुसऱ्या गावी राहतात आणि फोनवर बोलताना सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा बोलतात. शेजारणीने त्यांना मोबाईलवर काहीतरी दाखवलं होतं. आपल्या मुलीला स्टेजवर बघून त्या आधी खूश झाल्या, मग बोलणं ऐकून मटकन खाली बसल्या. "माझ्या नातवंडाची बातमी मला शेजारीण देते," त्या म्हणाल्या. "जावईबापू, आम्ही काय मेलो होतो का?" चार मिनिटांचा तुकडा होता. वर लिहिलं होतं, 'एका आईची गोष्ट'. शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर तो मंगळवारीच पोचला होता.

मी तेव्हा एका नऊ मजली इमारतीत लिफ्टच्या डोक्यावर उभा होतो. बायकोला फोन लावला, तिने उचलला नाही. खाली उतरून हात पुसतोय तोवर शाळेचाच फोन आला. या, म्हणाले, तुमच्या पाल्याला न्या.

झालं ते असं. वर्गशिक्षिकेने तो तुकडा पाहिला होता आणि तिला भरून आलं होतं. तिने वर्गासमोर सांगितलं की आपल्या वर्गात एक शूर मूल आहे, आपण त्याला साथ द्यायची. मग खेळाच्या तासाला मुलामुलींच्या दोन रांगा झाल्या. तिने चाळीस पोरांसमोर मायेने विचारलं, "तुला कुठल्या रांगेत उभं राहायचंय? तू म्हणशील तिथे." सगळी पोरं वळून बघत होती. बारकं दोन रांगांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभं राहिलं आणि म्हणालं, "मला घरी जायचंय." दुसरं काही बोललंच नाही. मी पोचलो तेव्हा ऑफिसबाहेरच्या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन बसलं होतं.

गाडीत मी विचारलं, "पाणी हवंय?" त्याने मान हलवली. मग म्हणालं, "आईने सांगितलं नाही त्यांना."

"विसरले असतील ते लोक," मी म्हटलं. ही थाप होती, आणि ती मारताना मला ठाऊक होतं.

संध्याकाळी बायको घरी आली तीच रडवेली. तिला तिच्या शाळेतच सगळं कळलं होतं. बारकं टेबलापाशी बसलं होतं. समोर वही, पेन्सिल, काही लिहिलेलं नाही.

"तू फोन केला होतास?" त्याने विचारलं.

"केला होता."

"काय सांगितलंस?"

बायको माझ्याकडे बघू लागली. मी वाट बघत होतो.

"बाबाचं जे वाक्य होतं," ती म्हणाली, "ते काढा म्हणून सांगितलं. बाबाला वाईट वाटलं होतं ना. बाकीचं..." ती थांबली. "बाकीचं मला वाटलं, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आणि तोवर तू शांत होशील."

बारकं तिच्याकडे बघत राहिलं. आवाज चढला नाही.

"म्हणजे बाबाचं काढलंस," ते म्हणालं. "माझं ठेवलंस."

मी अनेक भांडणं ऐकली आहेत. काही वेळा माणसं लिफ्टमध्ये अडकली की वर्षानुवर्षांचं बाहेर काढतात आणि मी दाराबाहेर उभा असतो. पण इतकं थोडक्यात सगळं सांगितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मला माझीही लाज वाटली. माझी अब्रू राखली गेली होती, आणि पोराची उघड्यावर टाकून राखली गेली होती. रविवारी मला एकदाही वाटलं नव्हतं की विचारावं, नक्की काय बोललीस फोनवर? तिने सांगितलं, मी मानलं. घरातलं रडकं मूल तिच्या वाटणीला ना.

बायको खाली बसली, जमिनीवरच, आणि बारक्याच्या गुडघ्याला हात लावायला गेली. बारक्याने पाय खुर्चीवर घेतले.

दुसऱ्या दिवशी मी काम टाकून त्या संस्थेच्या कचेरीत गेलो. तिथला तरुण मुलगा भला होता. तो म्हणाला, मॅडमनी तुकडा बघून होकार दिला होता, नाहीतर आम्ही टाकलाच नसता. मी म्हटलं, मॅडमची गोष्ट नाही ती. त्याला कळलं असावं. माझ्यासमोरच त्याने तो तुकडा काढून टाकला. पण लोकांच्या मोबाईलमध्ये गेलेलं कोण परत आणणार? बायकोने पुढची सगळी व्याख्यानं रद्द केली. वर्गशिक्षिकेला ती स्वतः भेटली, आणि खेळाच्या तासाला मुलामुलींच्या रांगा बंद होऊन उंचीप्रमाणे एकच रांग सुरू झाली. तिच्या हातात होतं ते सगळं तिने केलं, हे मी कबूल करतो.

माफी तिने तीनदा मागितली. पहिल्या वेळी त्या नखं रंगवणाऱ्या मुलाची गोष्ट मध्ये आली. दुसऱ्या वेळी ती इतकी रडली की बारक्यालाच उठून तिला पाणी आणून द्यावं लागलं. तिसऱ्या वेळी, तीन आठवड्यांनी, ती त्याच्या दारात उभी राहून म्हणाली, "तू मला विश्वासाने सांगितलंस. मी सांगणार नाही म्हटलं आणि सांगितलं. तू म्हटलं नव्हतंस ते तुझ्या तोंडी घातलं. आणि काढते म्हणून खोटं बोलले. यातलं काहीच तुझ्यामुळे झालं नाही."

बारक्याने ऐकून घेतलं. "ठीक आहे," म्हणालं. "पण आता मला तुला काही सांगायचं नाही. चांगलंही नाही."

तसंच झालं. बारकं तिच्याशी उद्धट वागत नाही. उलट फार नीट वागतं, पाहुण्यांशी वागावं तसं. हो, नको, झालं, थँक्यू. शाळेत काय झालं विचारलं तर जेवणाच्या सुट्टीत काय खाल्लं ते सांगतं. दुसऱ्यांच्या मुलांना दोन वाक्यांत बोलतं करणारी बाई स्वतःच्या घरात दार वाजवून उभी राहते आणि काय बोलावं ते तिला सुचत नाही. मला तिची दया येते. रागही येतो. कधी दोन्ही एकाच जेवणात.

मी मात्र बोलायला शिकलो, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. "जेवायचं ना?" "अभ्यास झाला?" "निघू या?" वळसे घालून. सुरुवातीला प्रत्येक वाक्याला ठेच लागायची, एकदा तर "दप्तर घेते... घेणं आहे का" असं काहीतरी बोललो आणि बारकं कितीतरी दिवसांनी हसलं. मग मी सरळ विचारलं, "मी तुझ्याशी कसं बोलू, ते तू सांग. मी चुकलो तर टोक."

बारक्याने विचार केला. "तू आत्ता बोलतोस ना, तसंच राहू दे. ठरलं की सांगायचं माझ्याकडे लागलं. आणि नाही ठरलं तर विचारायचं नाही."

"कबूल," मी म्हटलं.

परीक्षा संपल्यावरचा एक शनिवार. आम्ही एका जुन्या इमारतीच्या मशीनरूममध्ये होतो. मी ब्रेकचं घासलेलं अस्तर बदलत होतो, बारकं बॅटरी धरून उभं होतं. काही विचारलं नव्हतं, काही विषयही नव्हता. ते आपणहून बोलू लागलं. काय बोललं ते इथे लिहिणार नाही. बराच वेळ बोललं, मध्ये दोनदा थांबलं, आणि बॅटरीचा झोत एकदाही हलला नाही. बोलून झाल्यावर म्हणालं, "हे आईला सांगू नकोस."

मी लगेच हो म्हटलं नाही. पाना खाली ठेवला. बायकोपासून काही लपवायचं म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं. ज्याच्यापासून लपवलं गेलं तो एकदा मीच होतो. पण विचारणारं दहा वर्षांचं होतं, आणि ते दुसऱ्यांदा कुणावर तरी भरवसा टाकत होतं.

"नाही सांगणार," मी म्हटलं. "तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तरच सांगेन, आणि तेही आधी तुला सांगून. चालेल?"

"चालेल," बारकं म्हणालं आणि बॅटरी परत वर धरली.

संध्याकाळी बारकं आंघोळीला गेल्यावर बायकोने विचारलं, "आज काही बोललं का तुझ्याशी? चेहरा मोकळा वाटतोय."

"बोललं."

"काय?"

"ते नाही सांगता यायचं."

तिने हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं. "मी आई आहे त्याची."

"हो," मी म्हटलं.

पूर्वीची असती तर तिने मला दहा कारणं दिली असती आणि मी अकराव्याला हरलो असतो. ती काही बोलणार असं वाटलं. मग तिने स्वतःलाच थांबवलं. "बरं आहे ना ते?" तिने विचारलं. "एवढं तरी."

"बरं आहे."

तिने मान डोलावली. डोळे भरले होते, पण ते तिने मला दाखवले नाहीत. खिडकीकडे तोंड करून ती भांडी जागेवर लावू लागली. मी मदतीला गेलो नाही. तिला एकटीला उभं राहू द्यावं असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर, माझ्याही मनातून सगळं गेलं नव्हतं.

त्यानंतर तिने मला पुन्हा विचारलेलं नाही. शनिवारी आम्ही निघालो की ती दारापर्यंत येते, डबा माझ्या हातात देते, आणि आम्हा दोघांना मिळून म्हणते, "नीट जा."